चुकीचं वाचणारा माणूस

चौथ्या मजल्याला अजून सहा पायऱ्या उरल्या होत्या तेव्हा मला बाबांचं हसणं ऐकू आलं, आणि माझा पाय वरच्या पायरीवर तसाच राहिला. आधी वाटलं, शेजारच्यांकडे कुणी आलं असेल. बाबा हसत नाहीत असं नाही, पण ते हसतात ते नाकातून, कुणाचं काही चुकलं की, आणि ते ऐकून समोरचा माणूस आपण काय बोललो ते आठवायला लागतो. हे हसणं तसलं नव्हतं. ते पोटातून आलं, मध्ये खोकल्यात अडकलं, खोकल्यातून सुटलं आणि पुन्हा सुरू झालं. आमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत एक तरुण आवाज पुस्तकातला एकेक शब्द जपून उचलून ठेवत होता, “आणि त्या दिवसापासून... ती त्याच्यावर... अनुरक्षण झाली.” “अनुरक्त, अरे, अनुरक्त!” बाबा म्हणाले. “अनुरक्षण म्हणजे देखभाल, ते तुझ्या लिफ्टचं.” “तेच आलं बघा तोंडात. आमच्या प्रत्येक फॉर्मवर छापलेलं असतं.” “असू दे, असू दे. प्रेमाचंही दर महिन्याला करावंच लागतं,” असं म्हणून बाबा पुन्हा हसले. मी कठड्याला धरून उभी होते. कठडा गार होता आणि माझी कानशिलं तापत चालली होती. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. काचबिंदूनं डोळे गेल्यापासून तीन वर्षं हा माणूस खिडकीशी बसून नुसता उजेडाच्या बाजूला तोंड करून असायचा, आणि त्याला हसवावं म्हणून मी काय काय केलं होतं. पण झाला तो आनंद नव्हता. दमले असेन, असं मी स्वतःला सांगितलं. मग वर न जाता एक मजला खाली उतरले, जिन्याच्या खिडकीशी उभी राहिले आणि तो माणूस जाईपर्यंत समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी मोजत बसले. सात होत्या.

बाबांनी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. छापायला जाण्याआधीच्या कागदावर लाल शाईनं चुका दाखवायच्या, हे त्यांचं काम, आणि ते काम ते घरी घेऊन यायचे ते पिशवीतून नव्हे, डोळ्यांतून. मावशीचं पत्र आलं की आधी त्यातल्या वेलांट्या सरळ व्हायच्या, मग मावशीची खुशाली कळायची. माझ्या शाळेच्या निबंधांना बाईंनी दिलेले गुण बाबा कमी करायचे. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि धाकटी आठ. वर्तमानपत्रात द्यायचा आईच्या निधनाचा मजकूर बाबांनी तीनदा तपासून दिला होता, आणि सकाळी पेपर आला तर त्यात एक स्वल्पविराम निसटलेला. तो पेपर मांडीवर घेऊन बाबा रडले. त्या दिवसांत मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं, आणि धाकटीला मांडीवर थोपटत मनाशी ठरवून टाकलं की या माणसाला आपल्याकडून चूक दिसू द्यायची नाही. ठरवलं असं आता म्हणते. तेव्हा ते अंगात भिनलं असणार, कारण पुढे मी पोट भरायला धरलेलं कामसुद्धा त्यातलंच निघालं. मी अंधांच्या ग्रंथालयासाठी कादंबऱ्या वाचून ध्वनिमुद्रित करते. दारं बंद केल्यावर स्वतःच्या गिळण्याचा आवाज ऐकू येईल अशी एक खोली, एक माईक, काचेपलीकडे यंत्रावर बसणाऱ्या बाई. मी एक पान एकदम वाचते, अडखळत नाही. त्या बाई सगळ्यांना सांगतात, हिच्यामागे मला कापाकापी करावी लागत नाही. एकसष्ट कादंबऱ्या झाल्या. कुठल्या कुठल्या गावांतून माणसं पत्र लिहवून घेतात, तुमचा आवाज घरातल्यासारखा वाटतो म्हणून. बाबांचे डोळे गेले तेव्हा माझ्या मनात कुठेतरी, कुणाला सांगता येणार नाही असं, एक बरं वाटून गेलं होतं की आता तरी ते माझं ऐकतील. मी त्यांना एकसष्टही कादंबऱ्या आणून दिल्या, यंत्राची बटणं बोटांना ओळखता येतील अशी करून दिली. त्यांनी एकही लावली नाही. “तुझा आवाज घरात ऐकतोच की,” म्हणाले.

आणि आता हा. धाकटी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, बोट कापून घेऊन तिच्याकडे पट्टी मागायला आला, मग बोट बरं झाल्यावरही येत राहिला. त्यातच आमच्या इमारतीची लिफ्ट तीन आठवडे बंद पडली, आणि ती दुरुस्त करायला नेमका हाच. डोळ्यांच्या तपासणीला बाबांना खाली न्यायचं होतं तर यानं त्यांना हाताला धरून चार मजले उतरवलं, प्रत्येक वळणावर “आता आठ पायऱ्या, आता वळा” असं सांगत. वर आणून सोडलं तेव्हा बाबांनी विचारलं, “काय करतोस?” “लिफ्ट.” “म्हणजे तू उद्वाहक,” बाबा म्हणाले. त्याला तो शब्द काही केल्या उच्चारता येईना. तेव्हापासून बाबा त्याला उद्वाहकच म्हणतात, आणि तो रोज पाचला येऊन त्यांना एक जुनी कादंबरी वाचून दाखवतो. धाकटीनं एका रविवारी जेवताना सांगून टाकलं, “बाबा, मला याच्याशी लग्न करायचंय.” मी वाढत होते. माझा हात भांड्यावर थांबला. बाबा घास चावत राहिले, पाणी प्यायले, म्हणाले, “बघू.” फक्त बघू. त्या दोन अक्षरांवर धाकटी आठ दिवस गाणं गुणगुणत होती, आणि मी आठ दिवस त्या दोन अक्षरांना घासून पाहत होते, की मला का मिळाली नव्हती ती.

बारा वर्षांपूर्वी माझाही एक माणूस होता. पाट्या रंगवायचा. त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते शिडीवर, दातांत कुंचला धरलेला, एका डोळ्यानं आपल्याच अक्षराकडे बघत असलेला. त्याच्या नखांच्या कडांना नेहमी कुठला तरी रंग राहिलेला असायचा आणि मी त्याच्या हातावरून आज कुणाचं दुकान झालं ते ओळखायचे. टर्पेंटाइनचा वास अजूनही कुठे आला की मी आसपास शिडी शोधते. त्याला मी घरी आणलं. बाबांनी त्याला बस म्हटलं नाही. उभ्या उभ्याच विचारलं, “चौकातल्या डेअरीची पाटी तू रंगवलीस?” तो खूश होऊन हो म्हणाला. “त्यावर ‘दुध’ लिहिलंय. दु ऱ्हस्व काढलायस.” तो गोंधळला. म्हणाला, “दुधाचं म्हणताना ऱ्हस्वच असतो ना?” “दुधाचं म्हणताना असतो. दूध म्हणताना नसतो,” बाबा म्हणाले आणि पेपर उघडला. तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, “चार फुटी अक्षरात चूक करणारा माणूस. याच्याशी नाही.” त्या वेळी त्यांचे डोळे शाबूत होते. मला कधी कधी वाटायचं, माझं आयुष्य एका उकारावर अडकलं, आणि हे कुणाला सांगितलं तर लोक हसतील. आणि आज त्याच माणसाला तासातासाला पन्नास चुका करणारा एक जण वाचून दाखवतो, उकार काय, अख्खा शब्द बदलतो, आणि बाबा त्याला म्हणतात, असू दे, असू दे. एका उकाराला मला नाही मिळाली ती माफी याला पोत्यानं मिळत होती. मी ऑफिसात माईकपुढे बसून वाचत असताना माझ्या डोक्यात ते ‘असू दे’ वाजायचं. तेरा वर्षांत पहिल्यांदा काचेपलीकडच्या बाईंनी हात वर करून मला थांबवलं. “एक ओळ गाळलीस गं,” त्या म्हणाल्या. “बरं नाही का?”

जुन्या कादंबऱ्यांत प्रेम कसं पार पडतं हे मला तोंडपाठ आहे. मुलीच्या बापानं दारातून परत पाठवलेला तरुण मागं वळून पाहत नाही. तो दूर निघून जातो, कष्ट करतो, मोठा होतो, आणि इकडे बापाच्या मनाला हळूहळू टोचणी लागते. मग बाप आजारी पडतो किंवा त्याला एखादं पत्र सापडतं, आणि शेवटच्या प्रकरणात तो स्वतः निरोप धाडतो. जो हातापाया पडतो, रोज येऊन उंबरा झिजवतो, तो त्या पुस्तकांत नायक नसतो, विनोदी पात्र असतो. मी त्या वेळी ग्रंथालयासाठी नुकतीच वाचायला लागले होते, आणि मला हे सगळं खरं वाटायचं. म्हणून रंगारी जेव्हा म्हणाला, “मी उद्या परत येतो, पुन्हा बोलतो त्यांच्याशी,” तेव्हा मीच त्याला अडवलं. “मुळीच नाही. तू स्वाभिमान सोडू नकोस. बाबांना माणूस असा कळतो. ते स्वतः बोलावतील.” तो माझं ऐकणारा होता. वाट बघत राहिला. सात महिने. मग त्याला बंदराच्या गावात जहाजांवर नावं रंगवायचं काम लागलं, तिथून पत्रं आली, मग पत्रांमधलं अंतर वाढलं, आणि दोन वर्षांनी त्याच्या लग्नाची पत्रिका आली, त्यानं स्वतःच्या हातानं अक्षरं काढलेली. मी ती आधी चुकांसाठी वाचली. एकही नव्हती.

लिफ्टवाला माझ्याकडे आला तो एका दुपारी, ग्रंथालयात. दाराशी चपला काढून ठेवल्या, मी नको म्हणत असतानाही. “ताई, एक विचारायचंय. धाकटीला सांगू नका.” मी त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. त्याच्या पँटच्या खिशातून पान्ह्याचं टोक बाहेर आलं होतं आणि तो ते सारखं आत ढकलत होता. “बाबा बघू म्हणाले त्याला दोन महिने झाले. मी वाचतो, ते हसतात, चहा होतो, मी घरी जातो. विचारायचं धाडसच होत नाही. तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत. त्यात बापाला कसं राजी करतात?” तो हे अगदी मनापासून विचारत होता. जसं लिफ्ट उघडून आतली तार कुठली कुठे जाते ते कुणी त्याला विचारावं, तसं. मला त्या क्षणी काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, आणि सांगता येणार नाही असं म्हणणंही खोटंच आहे. मला स्पष्ट दिसत होतं. याला नुसतं ‘विचार’ म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत होकार मिळाला असता. धाकटी नाचत आली असती. आणि बाबा मला म्हणाले असते, साखर आण. मी त्या खोलीत बसून हे सगळं पाहिलं आणि माझा आवाज, माझा तो स्वच्छ, न अडखळणारा आवाज म्हणाला, “तू फार उपलब्ध आहेस त्यांना. रोज येणाऱ्या माणसाची किंमत राहत नाही. काही दिवस येऊच नकोस. कळवूही नकोस. त्यांना तुझी उणीव भासू दे, मग ते आपणहून बोलावतील. सगळ्या पुस्तकांत असंच असतं.” “सगळ्या?” त्यानं विचारलं. “सगळ्या,” मी म्हणाले. “आणि धाकटीला?” “तिलाही सांगू नकोस. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.” तो उठला, चपला घातल्या, आणि जाताना मला वाकून नमस्कार केला. त्याचं डोकं माझ्या पायांपाशी आलं तेव्हा मला त्याच्या केसांत ग्रीसचा वास आला, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.

तो यायचा थांबला. धाकटीचे फोनही उचलेना. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इस्पितळाच्या नव्या लिफ्टा बसवायचं काम त्यानं मागून घेतलं. पहिल्या दिवशी पाच वाजता बाबांनी सदरा बदलला आणि खुर्ची टेबलाकडे वळवून बसले. साडेपाचला विचारलं, “लिफ्ट चालू आहे ना?” चालू होती. दुसऱ्या दिवशी काहीच विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच पुस्तक उचललं. तो जिथे थांबला होता तिथे पानात बसचं तिकीट घालून ठेवलेलं होतं. मी त्या पानापासून वाचायला लागले, माईकपुढे वाचते त्याहून चांगलं वाचलं. कादंबरीतल्या वकिलाच्या मुलीचा राग वेगळा, वकिलाचा वेगळा, पावसाचा आवाज वेगळा. चार पानं झाल्यावर मी थांबले. बाबांनी तोंड उजेडाकडे वळवलं होतं. “नको,” ते म्हणाले. “का? नीट ऐकू येत नाही?” “येतं. सगळं बरोबर वाचतेस.” जरा वेळानं म्हणाले, “तू वाचतेस तेव्हा मला काही कामच उरत नाही.” हे त्यांनी दुखवायला म्हटलं नव्हतं, ते मला कळत होतं, आणि म्हणूनच ते इतकं आत गेलं. एकोणीस वर्षं मी ज्या एका गोष्टीसाठी धडपडत होते, तिनंच मला त्या खुर्चीपाशी जाऊ दिलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं. बसचं तिकीट जागेवर ठेवायला विसरले, ते खाली पडलं, आणि मी उचललं नाही. दोन आठवड्यांनी बाबा जेवताना धाकटीला म्हणाले, “तो तुझा उद्वाहक पळाला वाटतं. बरं झालं आधीच कळलं. माझ्याकडून नाही समज.” धाकटी ताटावरून उठली. तिच्या खोलीच्या दाराची कडी लागली आणि मला, देवाशपथ सांगते, क्षणभर, एका श्वासापुरतं, गार वाटलं. आता आम्ही दोघी सारख्या झालो.

ते गार वाटणं टिकलं नाही. सकाळी तिचे सुजलेले डोळे पाहिले तेव्हा ती मला पुन्हा आठ वर्षांची दिसली, आणि मी चहात साखर घालायला विसरले. त्याच सकाळी धाकटीनं त्याच्या ऑफिसात विचारून तडक ते इस्पितळ गाठलं आणि त्याला लिफ्टच्या खड्ड्यातून वर बोलावून विचारलं. मला हे कळलं ते दुपारी, तिच्या दुकानात गेले तेव्हा. तिनं मला पाहिलं आणि काउंटरवरच्या गोळ्यांच्या पाकिटांना रबरबँड लावत राहिली. “ताई, तू त्याला सांगितलंस येऊ नको म्हणून?” आवाज अगदी खाली. मी म्हणाले, “मी त्याला पुस्तकातलं...” “पुस्तकातलं नको सांगूस मला.” एक आजोबा चिठ्ठी घेऊन पुढे आले. धाकटीनं चिठ्ठी घेतली, औषध काढलं, “ही दिवसातून दोनदा, जेवणानंतर. ही फक्त सकाळी,” असं गोड, सावकाश समजावलं, त्यांच्या हातात पुडी दिली, ते पायरी उतरेपर्यंत थांबली, आणि मग माझ्याकडे वळली. “तुझ्या बाबतीत तसं करून काय झालं ते मी पाहिलंय. मी पंधरा वर्षांची होते, आंधळी नव्हते. तुला ठाऊक होतं काय होणार ते. ठाऊक असून तू सांगितलंस.” माझ्याजवळ एक वाक्य होतं, की मी तुला लहानाचं मोठं केलं, आणि ते वाक्य ओठांपर्यंत आलं तेव्हा मला त्याचीच किळस वाटली. “जा तू,” धाकटी म्हणाली. “मला गिऱ्हाइकं आहेत.”

मी घरी आले. बाबा खिडकीशी होते, दुपार उतरत होती आणि त्यांच्या अर्ध्या तोंडावर ऊन होतं. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि सांगितलं. सगळं एका दमात, गाळलं काही नाही. त्याला काय सांगितलं तेही, आणि का सांगितलं तेही. हेवा हा शब्द उच्चारताना मी अडखळले, पुन्हा म्हटला. बाबा ऐकत होते. त्यांची बोटं मांडीवर हलत होती, लाल शाईचं पेन धरल्यासारखी. मला वाटलं, आता नाकातून हसतील. “म्हणजे तो पळाला नाही,” ते म्हणाले. “नाही.” “आणि तुला वाटलं, मी त्या रंगाऱ्याला उकारावरून घालवलं.” “घालवलंतच.” “नाही म्हटलं मी, ते कबूल,” बाबा म्हणाले. “मग दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. तूही नाही, त्यानंही नाही. मी दोनेक आठवड्यांनी डेअरीवर जाऊन आलो. उकार दीर्घ केलेला होता त्यानं. वरून नवीन रंग, आधीचा ऱ्हस्व जरासुद्धा दिसत नव्हता. चांगला हात होता.” मी खुर्ची पुढे ओढली. “मग बोलला का नाहीत?” “तू घरात तोंड मिटून वावरत होतीस. मला वाटलं, तुझंच मन उडालं. मुलगी विचारत नाही तर बापानं कुठून काढायचा विषय?” मी उठून उभी राहिले. बारा वर्षांत मी बाबांवर आवाज चढवला नव्हता. “तुम्ही काढायचा! तुम्ही मोठे होतात. मी सव्वीस वर्षांची होते, मला काय कळत होतं? मी वाट बघत होते तुमच्या बोलावण्याची. सात महिने रोज संध्याकाळी वाट बघत होते, आणि तुम्हाला त्या पाटीचा रंग आठवतोय!” माझा आवाज फुटला, शब्द एकमेकांत गेले, एक वाक्य तर मी अर्ध्यातच सोडलं. बाबांनी हात पुढे केला. तो हवेत माझ्या डावीकडे कुठेतरी गेला, मग माझ्या कोपराला लागला आणि तिथेच राहिला. “ते माझं चुकलं,” ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. त्यानं काहीही परत आलं नाही. बंदराच्या गावातला माणूस तिथेच होता, त्याला दोन मुलं होती. तरी ते कोपर हलू न देता मी बराच वेळ उभी राहिले.

मग मी म्हणाले, “बाबा, धाकटीचं मी दुसऱ्यांदा विचारतेय.” “त्याला येऊ दे,” बाबा म्हणाले. “त्यानं विचारायला हवं.” “येईल. तुम्ही नाही म्हणालात तर उद्याही येईल.” “येऊ दे की.” मी तशीच निघाले. इस्पितळाच्या तळमजल्यावर लिफ्टची दारं उघडी होती आणि आत काळा, तेलकट खड्डा. मी वाकून हाक मारली. खालून टॉर्चचा उजेड माझ्या तोंडावर आला आणि लगेच बाजूला झाला. “ताई?” तो शिडीवरून वर आला, कपाळावर तेलाचा पट्टा. मी ठरवून आले होते ते वाक्य मोठं होतं, ते बाहेर पडेना. “मी तुला मुद्दाम चुकीचं सांगितलं,” मी म्हणाले. तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. तो पुस्तकाच्या अवघड ओळीपुढे थांबल्यासारखा थांबला होता. “मग पुस्तकात तसं नसतं?” त्यानं विचारलं. “असतं,” मी म्हणाले. “पुस्तकात असतं.” त्यानं हात फडक्याला पुसले, एकेक बोट वेगळं. “धाकटी सकाळी म्हणाली, तुमच्याशी बोलू नको म्हणून,” तो म्हणाला. “नको बोलूस. पण बाबांकडे आज जा. असाच जा, कपडे बदलू नको. सरळ विचार.” तो त्याच संध्याकाळी गेला. मी आमच्या इमारतीखाली बाकावर बसून राहिले, वर काय झालं ते ऐकायला गेले नाही. ऐकवलंही नसतं मला. साडेसातला तो खाली उतरला, मला पाहून थबकला आणि नुसती मान हलवली. हो अशी.

पुढे सगळं पटापट झालं, आणि धाकटी माझ्याशी बोलली नाही. घरात तीन माणसं, त्यांतलं एक आंधळं आणि दोन मुकी. ती बाबांमार्फत निरोप द्यायची, “बाबा, हिला सांगा दूध उतू चाललंय.” मी बाबांमार्फत उत्तर द्यायचे. तिची नवी साडी मी कपाटाच्या दारामागून पाहिली. हेवा गेला होता का? नाही. तिच्या फोनवरच्या हळू आवाजाला मी अजूनही कान देत होते, आणि पाच वाजता बाबांनी सदरा बदलला की मला अजूनही ते झोंबायचं. फक्त आता मला त्याचं नाव माहीत होतं, आणि ते आलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. नोंदणीच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, “धाकटीनं साक्षीदारांत तुझं नाव दिलंय. अकरा वाजता पोच.” मी विचारलं, “तिनं दिलं की तुम्ही?” “अर्ज तिनं भरला. मला दिसत नाही,” बाबा म्हणाले.

नोंदणी कार्यालयात एक लांब टेबल होतं, त्यावर काच, काचेखाली जुन्या सूचना. लिफ्टवाल्यानं नवा शर्ट घातला होता आणि त्याची घडी मोडलेली नव्हती. बाबा त्याच्या दंडाला धरून उभे होते. धाकटी समोर होती, माझ्याकडे बघत नव्हती. कारकुनानं चष्मा कपाळावर ढकलून माझ्यापुढे कागद सरकवला. “साक्षीदार?” “हो.” “वधूशी नातं?” “थोरली बहीण.” तो सवयीनं, मान वर न करता वाचत होता. “वधू-वर दोघांना ओळखता?” “ओळखते.” “या विवाहाला तुमची काही हरकत?” मी पेन उघडलं होतं. खोलीत पंखा फिरत होता आणि कुणाच्या तरी कागदाचं टोक फडफडत होतं. नाही, हा एवढासा शब्द. मी दिवसाला हजारो शब्द वाचते.

“होती,” मी म्हणाले.

कारकुनानं चष्मा डोळ्यांवर घेतला. लिफ्टवाला बाबांकडे बघायला लागला. धाकटीनं मान वळवली आणि पस्तीस दिवसांनी पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“बाई, आत्ता आहे की नाही, ते सांगा,” कारकून म्हणाला. “होतीचा रकाना नाही माझ्याकडे.”

“नाही,” मी म्हणाले. “आत्ता नाही.”

“‘आत्ता’ कशाला घालतेस?” धाकटी म्हणाली. थेट मला. आवाजात धार होती, आणि डोळ्यांत पाणी. “नुसतं नाही म्हण ना, ताई.”

“नाही,” मी म्हणाले, आणि सही केली.